डावीकडचा ब्रेक

वाल्मीकचा उजवा पाय गेला दीड महिना त्याचं ऐकत नव्हता. खुर्चीत टीव्ही बघत बसला की पाय फरशी दाबायचा. रिक्षात मागे बसला की समोरचा पत्रा दाबायचा. मंदाच्या भाचीच्या बारशाला तर त्याने पंगतीत टेबल असं काही रेटलं की शेजारच्या पाहुण्याचा मठ्ठा थेट पाहुण्याच्या नव्या लेंग्यावर गेला. पाहुणा भला होता, हसला. मंदा हसली नाही. बायको चारचौघांत हसत नाही तेव्हा नवऱ्याने घरी जाताना लांबचा रस्ता धरावा, पण वाल्मीकला तेवढंही सुचलं नाही.

तेवीस वर्षं गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या पायाला ही खोड लागायचीच, असं म्हणून कोणीही विषय सोडून देईल. त्याच्या पांढऱ्या गाडीत ब्रेक दोन होते. एक उजवीकडे, शिकणाऱ्याच्या पायाखाली. दुसरा डावीकडे, वाल्मीकच्या पायाखाली. दोन्ही एका लोखंडी दांडीने जोडलेले, म्हणजे एकाने दाबला की दुसऱ्याचाही खाली जायचा. द्वारकेच्या चौकात चारही बाजूंनी येणाऱ्या प्रत्येकाला आपणच आधी जायचं असतं. त्या चौकात या डाव्या ब्रेकच्या जिवावर आपण निम्मं नाशिक शिकवलं, असं वाल्मीक लोकांना सांगायचा. निम्मं नसेल, पण पुष्कळ.

खोडीचं एवढं काही नव्हतं. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्याने मंदालाही सांगितली नव्हती. शिकणाऱ्याचा पाय अॅक्सिलरेटरवर असायचा, वाल्मीकचा स्वतःचा पाय बाजूला असायचा, आणि तरी त्याच्या समोरचा ब्रेक हळूच अर्धा खाली जायचा. गाडीचा वेग कमी व्हायचा नाही. ब्रेक नुसता खाली जायचा, क्षणभर तिथेच राहायचा आणि वर यायचा. मग गाडीत झेंडूचा ओला, उग्र वास भरायचा, आणि शिकणारा तोंड मिटून समोर बघत असताना त्याच्याच बाजूने एका बाईचा आवाज विचारायचा, "सर, बरोबर थांबली ना?"

आवाज शुभांगीचा होता. आणि शुभांगी श्रावणात वारली होती.

सायखेड्याच्या रस्त्याला तिच्या सासरचा फुलांचा मळा. नवऱ्याला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं आणि फुलांचा टेम्पो बाजारात न्यायला घरात कोणी उरलं नाही, तेव्हा सासूने, भागीबाईने, तिला म्हटलं की तूच शीक. चौतीस वर्षांची बाई पदर खोचून आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, ट्रॅक्टर येतो मला. ही गाडी लई नाजूक हाय, तीच मला घाबरती." वाल्मीकला असे विद्यार्थी आवडायचे. स्टिअरिंग तिने चार दिवसांत काबूत आणलं, गिअर आठ दिवसांत. अडायचं ते एकाच ठिकाणी. ब्रेक ती उशिरा लावायची आणि अर्धाच लावायची. तरी गाडी थांबायची. थांबली की ती वळून विचारायची, "सर, बरोबर थांबली ना?" आणि वाल्मीक म्हणायचा, "एकदम बरोबर, ताई."

महिन्याभरात ती पास झाली. जाताना म्हणाली, "दसऱ्याला गाडीचा हार माझ्या मळ्यातला. दुसरीकडून घ्यायचा नाय." पुढे तीन आठवड्यांनी एका पहाटे ती भरलेला टेम्पो घेऊन निघाली आणि कालव्याच्या उतारावर उभ्या असलेल्या ट्रॉलीवर जाऊन आदळली. टेम्पोत बिघाड नव्हता. उतार, ओला रस्ता, मागे फुलांचा भार. लोकांनी कारणं शोधली आणि ती सगळ्यांना पुरली. वाल्मीककडे कोणी बोट दाखवलं नाही. तो दहाव्याला जाऊन आला, मागच्या रांगेत उभा राहिला आणि भागीबाईला न भेटता परतला.

त्यानंतर तो आठवड्यातून चारदा म्हणू लागला, "आता बास झालं." हे ऐकणारी निकिता होती. ती आधी त्याची विद्यार्थिनी आणि गेली चार वर्षं क्लासमधली दुसरी शिकवणारी. पोरगी सरळ बोलायची. गणपती उठल्यावर एक दिवस तिने विषय काढलाच. "सर, तुम्ही सोडणार असाल तर क्लास मी चालवते. सोडणार नसाल तर गंगापूर रोडला एक क्लासवाले मला बोलावतायत, मी तिकडे जाते. दोन्हीकडे पाय ठेवून मला नाही जमत. दसऱ्याला सांगा."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्हाला बर्नआउट झालाय."

"म्हणजे क्लचप्लेट जळते तसं?"

"तसंच समजा."

"मग प्लेट बदलायची की गाडी विकायची?"

निकिताने खांदे उडवले. "ते मेकॅनिकने गाडी उघडल्याशिवाय कसं कळणार?"

डॉक्टरने रक्त तपासलं आणि विटामिन कमी आहे म्हणाला. हल्ली ते सगळ्यांचंच कमी असतं. मंदा म्हणाली, "अहो, तेवीस वर्षांत चार दिवस सलग घरी बसला नाहीत तुम्ही. सायखेड्याला जा, आईंकडे राहा." नवरा नीट व्हावा हे तिच्या मनात होतंच, शिवाय काही दिवस फरशीचा धपधप आवाज ऐकू येऊ नये हेही होतं. वाल्मीक गेला.

सायखेड्याला त्याची आई गोजराबाई धाकट्या भावाकडे राहायची. तिने लेकाला दोन दिवस नुसतं जेवू घातलं, झोपू दिलं आणि तिसऱ्या दिवशी शेंगोळ्याचं ताट पुढे करून विचारलं, "दमलायस का विटलायस?"

"त्यात काय फरक, आई?"

"लय फरक हाय. दमलेला बैल चारा दावला का उठतो. विटलेल्याचं पोट भरलेलं आसलं तरी जू दावलं का बसतो. दमलेल्याला गोठा लागतो, विटलेल्याला बाजार."

वाल्मीक हसला, पण वाक्य त्याच्या डोक्यात बसलं. त्याला नेमकं हेच कळत नव्हतं. दमलो असेन तर चार दिवस पडून उठेन. विटलो असेन तर निकिताला चावी देऊन मोकळा होईन. पण आपण यातले कोण हे न कळता चावी दिली, तर उरलेला जन्म खुर्चीत बसून फरशी दाबायची. आणि न कळता ठेवली, तर एक दिवस चौकात हा पाय नको तिथे दाबेल किंवा हवं तिथे दाबणार नाही, आणि शेजारी बसलेल्या कोणाचा तरी जीव जाईल. याची त्याला मनापासून भीती वाटत होती.

आठव्या दिवशी त्याचे हात शिवशिवले. धाकट्या भावजयीला तो अंगणात स्कूटी शिकवायला लागला. शिकवताना ओरडला, हसला, दोनदा "अगं, समोर बघ, चाकाकडे काय बघतेस" म्हणाला, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. स्कूटीचे ब्रेक चालवणाऱ्याच्याच हातात असतात, शिकवणाऱ्याच्या वाट्याला काहीच नसतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

गोजराबाईने ओट्यावरून सगळं पाहिलं. "उठला बैल," ती म्हणाली. "दमला व्हता. जा आता." तो पिशवी उचलून निघाला तेव्हा मागून म्हणाली, "आन तरीबी चालंना, तर खूर बघ. कवा कवा काटा आसतो. तो बैल दमलेला नाय आन विटलेला बी नाय. पन पाय उचलू देत नाय, लाथ मारतो." वाल्मीकला एसटी गाठायची होती. त्याने हो हो म्हटलं.

नाशिकला आल्यावर पहिला तास त्याने एका नर्सबाईंचा घेतला. गाडी छान चालली होती. द्वारकेच्या अलीकडे बाईंचा पाय अॅक्सिलरेटरवर असताना त्याच्या समोरचा ब्रेक अर्धा खाली गेला. झेंडूचा वास आला. "सर, बरोबर थांबली ना?" वाल्मीकने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी चौकाच्या तोंडाशी कचकन उभी राहिली, मागच्या टेम्पोवाल्याने त्याच्या सात पिढ्या काढल्या आणि नर्सबाई रडायला लागल्या. आपलं काय चुकलं हेच त्यांना कळत नव्हतं. चुकलं काहीच नव्हतं, हे वाल्मीकला सांगता आलं नाही.

म्हणजे दमलेलो नाही. गोठा मिळाला, चारा मिळाला, तरी जू बघून बसलो. त्याने मनाशी हिशेब मिटवला आणि निकिताला सांगितलं, "खंडेनवमीला गाडी धुऊ, पूजा करू. चावी तुझी."

खंडेनवमीला निकिताने गाडी आरशासारखी घासली. पूजेआधी एक तास मात्र होता. निवृत्ती गांगुर्डे, टपालखात्यातून नुकतेच मोकळे झालेले, एकसष्ट वर्षांचे. जावई दिवाळीला येणार होता आणि त्याला स्टेशनवर स्वतः घ्यायला जायचं हा काकांचा पण होता. "सर, चला ना," निकिता म्हणाली. "शेवटचा फेरा." तिची जागा डावीकडे, म्हणून तेवीस वर्षांत पहिल्यांदा वाल्मीक स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर बसला.

मागून त्याला दोन सीटच्या फटीतून निकिताची चप्पल दिसत होती. सिग्नल आला. काकांनी ब्रेकवर पाय ठेवला, उशिरा आणि अर्धाच. निकिताची चप्पल जराशी पुढे झाली आणि तिच्या बाजूचा ब्रेक मऊपणे खाली गेला. गाडी पट्टीच्या आत थांबली.

"छान काका. एकदम बरोबर," निकिता म्हणाली.

काकांनी आरशात वाल्मीककडे पाहिलं. पहिल्या नंबराने पास झालेल्या पोराचं तोंड असतं तसं त्यांचं तोंड झालं होतं. पुढच्या सिग्नललाही तेच झालं, आणि गतिरोधकालाही. प्रत्येक वेळी चप्पल पुढे, आणि प्रत्येक वेळी "बरोबर."

वाल्मीक दोन सीटच्या मध्ये पुढे वाकला. "गाडी बाजूला घ्या," तो म्हणाला. काकांना उसाच्या रसाच्या गाड्यावर बसवून त्याने निकिताला बाजूला नेलं. "पाय का लावतेस?"

"कुठला पाय?" तिने खरंच विचारलं. तिला माहीत नव्हतं. मग तिने आठवून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "सर, तुम्हीच सांगितलंय की. मी नवीन होते तेव्हा. शिकणाऱ्याचा धीर मोडायचा नाही, थोडा पाय द्यायचा आणि बरोबर म्हणायचं. हळूहळू येतं त्यांना."

बहुतेकांना हळूहळू यायचं, हे खरं होतं. म्हणून तर तेवीस वर्षं हे चालून गेलं. शुभांगीला आलं नव्हतं. महिनाभर तिने त्या गाडीत एकदाही स्वतः गाडी थांबवली नव्हती. प्रत्येक वेळी उरलेला अर्धा ब्रेक वाल्मीकने लावला होता, मायेने लावला होता, आणि वर तोंड करून "एकदम बरोबर, ताई" म्हटलं होतं. कालव्याच्या उतारावर तिने सवयीने अर्धाच ब्रेक दाबला असणार, आणि उरलेल्या अर्ध्याची वाट पाहिली असणार. हे त्याला दहाव्याच्या दिवशीही ठाऊक होतं. म्हणूनच तो मागच्या रांगेत उभा राहिला होता.

"सर, चावी?" निकिताने हळूच विचारलं.

"आज नको."

घरी आला तर दारात वेताची पाटी. काठोकाठ झेंडू, वर ओवलेला हार. मंदा म्हणाली, "एक म्हातारी ठेवून गेली. म्हणाली, सुनेचा शब्द होता. आत या म्हटलं, पण टेकली नाही." वाल्मीक पाटीपाशी बसला. पाय फरशी दाबत होता. त्याने दाबू दिला.

दसऱ्याला गाडीवर तोच हार चढला. दुपारी तो निकिताला घेऊन मळ्यावर गेला. गाडी निकिता चालवत होती. त्याची छाती होत नव्हती. खिशात आपट्याची पानं होती, पण मळ्याच्या तोंडाशी आल्यावर त्याला आठवलं की या घरात यंदा सण नाही. पानं खिशातच राहिली. झेंडूचे वाफे तोडून मोकळे झाले होते. भागीबाई पडवीत दोऱ्याची रिळं गोळा करत होती. तिने पोत्याकडे हात केला आणि तो बसला. निकिता गाडीपाशीच थांबली.

"भागीबाई," तो म्हणाला, "शुभांगीताईंना ब्रेक येत नव्हता. मी लावायचो, माझ्या बाजूने. आणि त्यांना सांगायचो की तुम्हीच थांबवली. त्या गेल्या त्या माझ्यामुळे." एवढं बोलायला त्याला दोन महिने लागले होते, आणि बोलून झाल्यावर ते फार थोडं वाटलं.

भागीबाईने रीळ गुंडाळणं थांबवलं नाही. "तिला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमी पाय लावता त्ये. तिच्या पायाखालचा ब्रेक आपसूक खाली जायचा म्हनं. घरी येऊन सांगायची, आत्याबाई, सर माझं मन राखत्यात. मी म्हनलं, मंग सांग ना त्येंला, लावू नका म्हनून. तर म्हनली, येवढा भला मानूस, त्येंला कसं सांगू? मी रोज इचारते, बरोबर थांबली का. एक दिस सांगतील खरं. ते सांगतील मंग मी शिकंल."

वाल्मीकला वाटत होतं की ती शाबासकीसाठी विचारायची. महिनाभर रोज दहादा ती त्याला दार उघडून देत होती, आणि तो ते प्रेमाने लावून घेत होता. तो रडला. पन्नाशीतला माणूस परक्या पडवीत पोत्यावर बसून रडतो तेव्हा बघणाऱ्याने मान फिरवायची असते. भागीबाईने फिरवली नाही.

"राग हाय माझा तुमच्यावर," ती म्हणाली. "आजबी हाय, उद्याबी राहील. हार तिनं कबूल केला व्हता, तेवढा मी दिला." मग तिने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. तो पाणी प्यायला आणि उठला.

परतताना तो डावीकडे बसला, चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. निकिताने एकदा पाहिलं आणि गिअर टाकला. कालव्याचा उतार आला. निकिताचा पाय अॅक्सिलरेटरवर होता. वाल्मीकच्या समोरचा ब्रेक कोणाचाही पाय नसताना अर्धा खाली गेला आणि तिथेच राहिला. झेंडूचा वास तर गाडीवरच्या हाराचा असेलही, पण आवाज हाराचा नव्हता. "सर, बरोबर थांबली ना?"

"नाही," वाल्मीक मोठ्याने म्हणाला. "अर्धाच लागलाय, ताई. उरलेला मी लावायचो. पुरा दाबा."

ब्रेक सावकाश खाली गेला, अगदी तळापर्यंत. गाडी उताराच्या मध्यावर एक हिसका न देता थांबली. निकिताचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. "सर, मी नाही लावला," ती म्हणाली. "तुम्ही?" वाल्मीकने मांडीकडे बोट केलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग ब्रेक वर आला, आणि पुन्हा हलला नाही.

"गंगापूर रोडवाल्यांना काय सांगू?" घराजवळ आल्यावर निकिताने विचारलं.

"दिवाळीपर्यंत थांबा म्हणावं. गांगुर्डे काकांचा पुढचा तास मी घेतो. तू मागे बस आणि माझ्या पायांकडे बघ. मग तू पुढे बस, मी मागून बघतो. चावीचं नंतर बघू."

"म्हणजे तुम्ही सोडणार नाही?"

"सोडेन," वाल्मीक म्हणाला. "सोडायच्या आधी थोडं काम राहिलंय."

संध्याकाळी मंदा पानं वाटायला बाहेर पडली. वाल्मीकने कपाटातून क्लासची जुनी वही काढली. शिकून गेलेल्यांची नावं आणि नंबर तिच्यात होते. ज्यांना सुरुवातीला ब्रेक जमत नव्हता ती नावं त्याला न बघता आठवत होती. त्याने पहिला नंबर लावला. पलीकडून एका बाईंनी दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या, सर, किती वर्षांनी, असं म्हटलं.

"ताई, एकदा येऊन जा," वाल्मीक म्हणाला. "तासाभराचं काम आहे. मी तुम्हाला बरोबर म्हणायचो ना, ते बरोबर नव्हतं."

बाई गोंधळल्या, मग उद्या सकाळी येते म्हणाल्या. वाल्मीकने नावापुढे खूण केली आणि दुसरा नंबर काढला. टेबलाखाली त्याचा पाय फरशीवर होता आणि काही दाबत नव्हता.